मदत हवी आहे: शिकागो व्हाइट सॉक्सनं २०२५च्या हिवाळ्यात कोणाला ठेवावं, कोणाला सोडावं?

नमस्कार मंडळी,

इथे बेसबॉलचा धागा क्वचित निघतो, पण वर्ल्ड सीरीजच्या वेळी ज्या गप्पा रंगतात त्यावरून जाणकार बरेच आहेत हे माहीत आहे. म्हणून विचारतोय. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो आणि आमचं सगळं घर व्हाइट सॉक्सचं आहे.

प्रश्न आधी सांगतो, पसारा मागून. टीम नव्याने बांधायची म्हणून जुनी मोडून झाली, आता कुठे चार विटा रचल्यात. अशा वेळी हिवाळ्यात कोणाला ठेवायचं आणि कोणाला विकायचं हे कशावरून ठरवावं? माझं घोडं तीन ठिकाणी अडलंय: सेंटर फील्डमधला लुईस रॉबर्ट ज्युनियर, दोन तरुण कॅचर, आणि ४० जणांच्या यादीतल्या शेवटच्या काही जागा.

ज्यांनी हा क्लब फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी: २०२३ मध्ये १०१ पराभव. २०२४ मध्ये ४१ विजय, १२१ पराभव. १९००नंतर एका सीझनमध्ये इतके सामने कोणीच हरलेलं नाही. त्याआधीचा आकडा १९६२च्या मेट्सचा होता, १२०. त्याच वर्षी सलग २१ सामने हरलो. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, ६०-१०२. तीन वर्षं लागोपाठ पराभवांची शंभरी. २००५ साली ह्यूस्टनला ४-० असं धुऊन वर्ल्ड सीरीज जिंकणारा क्लब तो हाच.

जनरल मॅनेजर ख्रिस गेट्झ ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि विक्री सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये पिचर डिलन सीझ सॅन डिएगोला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पिचर गॅरेट क्रोशे बॉस्टनला. क्रोशेच्या बदल्यात चौघं आले: कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमेरी, इनफिल्डर चेस माइडरॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ.

क्रोशेनं यंदा बॉस्टनसाठी २५५ बळी टिपले (स्ट्राइकआउट्स म्हणतोय), दोन्ही लीगमध्ये सगळ्यात जास्त. बॉस्टननं त्याला सहा वर्षांचे १७ कोटी डॉलर्स दिले. त्याला बॉस्टन रेड सॉक्सच्या लाल मोज्यांत बघून मला अजून वाईट वाटतं. तरी तो सौदा मला पटतो. आमच्याकडे तो आणखी दोनच वर्षं असणार होता, २०२५ आणि २०२६, आणि त्या दोन वर्षांत आम्ही कुठेही पोचणार नव्हतो. पुढची चांगली टीम उभी राहील तेव्हा हा माणूस तिच्यात असेल का, एवढा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर नाही असेल तर किंमत आहे तोवर विका. इथपर्यंत माझं डोकं चालतं.

रॉबर्टपाशी येऊन हे गणित फसतं. २०२३ मध्ये त्यानं ३८ होम रन मारले, ऑल-स्टार झाला. २०२४ मध्ये १०० सामने, बॅटिंग सरासरी .२२४ (म्हणजे हजारात २२४ वेळा यशस्वी फटका), १४ होम रन. २०२५ मध्ये ११० सामने, .२२३, पुन्हा १४. जुलैपासून बॅट जरा बोलायला लागली होती, तर ऑगस्टमध्ये मांडीचा मागचा स्नायू गेला आणि सीझन संपला. त्याच्या २०२६च्या करारात क्लबला निवड होती: २ कोटी डॉलर्स देऊन ठेवा, नाहीतर २० लाख देऊन मोकळं करा. परवाच क्लबनं त्याला ठेवलं. २०२७ साठीही अशीच निवड आहे, त्याच किमतीत.

म्हणजे पुढची चांगली टीम येईपर्यंत तो राहणार नाही, हे उघड. पण आज विकायला काढला तर समोरचा काय देणार? रॉबर्टच्या चोरलेल्या बेसची (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेल्या पुढच्या बेसची) संख्या यंदा ३३ आहे. पहिल्या बेसवर असताना तो पिचरचा खांदा हलायच्या आत निघतो, सेंटर फील्डमध्ये मागे धावत जाऊन चेंडू खांद्यावरून बघत पकडतो, तेव्हा इतकं हलकं वाटतं की हाच माणूस दोन वर्षं झाली दोन-दोन महिने बाहेर बसतो यावर विश्वास बसत नाही. जुलैपर्यंत थांबावं का? पहिले चार महिने तंदुरुस्त राहिला तर किंमत दुप्पट होईल. मे महिन्यात पुन्हा पाय धरला तर काहीच मिळणार नाही.

दुसरा प्रश्न कॅचरचा. टीलच्या जोडीला एडगर केरो आहे, २०२३ मध्ये एंजल्सकडून आलेला. दोघंही यंदाच पहिल्यांदा मेजर लीगमध्ये खेळले. टील .२७३, केरो .२६८. दोघं सहा-सहा वर्षं आपल्या ताब्यात. ऑफिसातले सगळे म्हणतात की एकाला विकून पिचर आणा, कारण चांगला तरुण कॅचर बाजारात मिळत नाही. मला धीर होत नाही.

तिसरा प्रश्न थोडा किचकट आहे, पण मला सगळ्यात जास्त रस त्यातच आहे. याच महिन्यात, नोव्हेंबरात, क्लबला ठरवावं लागतं की मायनर लीगमधल्या (क्लबच्या खालच्या टीममधल्या) कोणाकोणाला ४० जणांच्या यादीत घ्यायचं. अठरा किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्याला पाच हंगामांच्या आत, एकोणीस आणि पुढच्यांना चार हंगामांच्या आत. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब एक लाख डॉलर्स देऊन त्याला उचलू शकतो. अट एवढीच की पूर्ण सीझन त्याला मुख्य २६ जणांत ठेवायचं, नाहीतर मूळ क्लबला परत देऊ करायचं.

याच वाटेनं गेल्या डिसेंबरात आम्हाला शेन स्मिथ मिळाला. २०२१च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्याला कोणीही विचारलं नव्हतं. मिलवॉकीनं घेतला, पण यादीत जागा दिली नाही. आम्ही पहिल्याच क्रमांकावर उचलला. त्यानं २९ सामने सुरू केले, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) ३.८१, आणि ऑल-स्टारमध्ये व्हाइट सॉक्सचा एकमेव खेळाडू तोच! जिंकायच्या ईर्ष्येनं खेळणाऱ्या टीमला कच्चा पिचर वर्षभर सांभाळणं परवडत नाही, आम्हाला परवडतं. म्हणून वाटतं की शेवटच्या जागा जुन्या, मधल्या फळीतल्या खेळाडूंवर घालवू नयेत, अशा मुलांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. हा विचार बरोबर आहे का? की ड्रेसिंग रूममध्ये चार अनुभवी लोक लागतातच?

ड्राफ्टबद्दल: नुसतं हरत राहिलं की पहिला क्रमांक मिळतो असंही नाही. मोठ्या बाजारपेठेतल्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत (पहिल्या क्रमांकांच्या सोडतीत) येता येत नाही, त्यामुळे १२१ पराभवांनंतरही आम्ही दहाव्या क्रमांकावर निवड केली. यंदा लॉटरीत आहोत. सोडत डिसेंबरात, ऑर्लँडोच्या हिवाळी बैठकांत.

जाणकारांनी जरा वेळ काढून लिहा. आकडेवारीच्या संकेतस्थळांवर मी रोज असतो, मला हवाय तो तुमचा विचार.

---

बॉस्टनकर:

दादा, क्रोशे आमच्याकडे आलाय म्हणून खूश आहे, पण टील गेल्याचं दुःख इथे खरंच झालं होतं. कॅचरबद्दल माझं ठाम मत: हात लावू नका. १६२ सामने एकटा कॅचर बसूच शकत नाही, गुडघे आणि बोटं राहत नाहीत. टील डावखुरा, केरो दोन्ही बाजूंनी खेळतो. एक मागे बसला की दुसऱ्याला डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून बॅट द्या. तुमचा मॅनेजर व्हेनेबल यंदा हेच करत होता. आणि दोघांचा पहिलाच सीझन झालाय. कोणाची बॅट टिकणार आणि कोणाची फेक दुसऱ्या बेसवर नेमकी जाणार हे कळायला किमान आणखी एक वर्ष द्या. आज विकलात तर तुम्ही नाणं उडवून विकताय.

सेंट लुईसवाला:

रॉबर्टसाठी आज चांगला मोबदला मिळणार नाही असं तुम्ही धरून चाललात. पण त्यात एक पळवाट आहे. तुमच्या क्लबचा पगारखर्च आता फार कमी आहे. २ कोटींतले काही तुम्ही स्वतः भरा, म्हणजे घेणाऱ्याला तो स्वस्त पडेल आणि तो बदल्यात चांगला मुलगा देईल. हरणाऱ्या टीमकडे पैसा असतो, जागा असतात, वेळ असतो. नसतात ती फक्त चांगली मुलं. तेव्हा पैसा देऊन मुलं घ्यायची. मी असतो तर याच हिवाळ्यात केलं असतं. दोन वर्षं लागोपाठ जो शंभर-एकशेदहा सामन्यांवर अडकतो त्याच्यावर जुलैची आशा ठेवू नये.

पुणेरी मिसळ:

मी क्रिकेटवाला, बेसबॉल कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एक बाळबोध प्रश्न. आयपीएलसारखं सगळ्यांना सोडून मोठ्या लिलावात नवी टीम का घेत नाहीत? तीन वर्षं का हरायचं?

धागाकर्ता:

@पुणेरी मिसळ, प्रश्न अगदी बरोबर आहे. इथे सगळे खेळाडू एकदम लिलावात येतच नाहीत. मेजर लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडू त्याच क्लबच्या ताब्यात असतो, त्यातली पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग लवादाकडून पगार ठरतो. मोकळे होतात ते बहुतेक तिशीच्या आसपासचे. त्यामुळे चांगली तरुण टीम विकत मिळत नाही, वाढवावी लागते किंवा अदलाबदलीत घ्यावी लागते. आमचा शॉर्टस्टॉप कोल्सन मॉन्टगोमेरी बघा. २०२१चा पहिल्या फेरीतला. यंदा वसंतात ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर) त्याची बॅट इतकी बिघडली की त्याला काढून ॲरिझोनातल्या सराव केंद्रात पाठवला. जुलैमध्ये वर आणला, आणि ७१ सामन्यांत २१ होम रन. अशा मुलासाठी चार वर्षं थांबावं लागलं.

@सेंट लुईसवाला, पैसे भरण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आभार.

सॅन होजेचा सुभाषित:

अनुभवी खेळाडूंबद्दल. ते हवेतच, पण एक-दोन वर्षांच्या करारावर, आणि शक्यतो पिचर. दोन उदाहरणं तुमच्याच क्लबची. एरिक फेडी कोरियाहून दोन वर्षांच्या दीड कोटीच्या करारावर आला, २०२४च्या जुलैमध्ये तीन क्लबांच्या सौद्यात त्याला दिलंत आणि मिगेल व्हार्गास मिळाला. एड्रियन हाउजर यंदा मे महिन्यात आला, ११ सामन्यांत ईआरए २.१०, जुलैअखेर टॅम्पाला देऊन कर्टिस मीड आणि दोन पिचर घेतले. असे लोक ड्रेसिंग रूमही सांभाळतात आणि जुलैत चलनही होतात. यांच्यासाठी तीन-चार जागा ठेवा, बाकी रूल फाइव्हची मुलं.

आणि विकताना एक गोष्ट तपासा: खेळाडू संपलाय की तुमच्याकडे त्याचं काही चुकतंय? पहिल्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन २०१९च्या ड्राफ्टमधला तिसऱ्या क्रमांकाचा. तुम्ही जूनमध्ये मिलवॉकीला दिला. तिथे पहिल्याच बॅटिंगला त्यानं डॉजर्सच्या यामामोतोला तीन धावांचा होम रन मारला आणि मग पुढे थांबलाच नाही. पहिला बेस तुमच्याकडे अजून रिकामाच आहे.

धागाकर्ता:

व्हॉनची आठवण बोचली, पण मुद्दा लाखाचा. रॉबर्टच्या बाबतीत मला नेमकी हीच भीती आहे, की त्याच्यातला २०२३चा खेळाडू अजून आत आहे आणि तो दुसऱ्या कोणाच्या मैदानात बाहेर येईल. तरी आता तुमचं सगळ्यांचं वाचून मन इकडे झुकतंय: दोन्ही कॅचर ठेवायचे, एक-एक वर्षाचे दोन-तीन पिचर घ्यायचे, उरलेल्या जागा मुलांना, आणि पगाराचा वाटा उचलून रॉबर्टला याच हिवाळ्यात द्यायचा.

एक गोष्ट आणखी मोजायला हवी. मालक आणि खेळाडूंमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. २०२१ साली करार संपला तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली होती आणि पुढचा सीझन उशिरा सुरू झाला. २०२७चं वर्ष असंच अडकण्याची भीती असेल, तर घेणारा क्लब रॉबर्टचं दुसरं वर्ष हिशोबात धरेल का? धरत नसेल तर तो फक्त एका वर्षाची किंमत देईल, आणि मग आपण किती पैसे भरले म्हणजे खरोखर चांगला पिचर किंवा इनफिल्डर मागता येईल? @सेंट लुईसवाला, निम्मा पगार भरला तर समोरच्या क्लबच्या मायनर लीगमधल्या पहिल्या दहातला मुलगा मिळेल असं वाटतं का तुम्हाला, की तेवढ्यात नुसतं एखादं नाव पदरात पडेल? ऑर्लँडोच्या बैठकांआधी यावर लिहिलंत तर बरं होईल.