अनुभव धागा: कामाच्या ठिकाणी पोलीस येतात तेव्हा

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या औद्योगिक वसाहती असोत वा गुजरीचा सराफ बाजार, चौकशीसाठी पोलीस आत आले की पहिला प्रश्न हाच पडतो: मालकानेच त्यांना बोलावले असेल तर आपल्याला काही म्हणण्याचा अधिकार उरतो का? माझ्या मते उरतो. मालकाची परवानगी त्याच्या जागेपुरती असते. कामगाराचा जबाब, त्याचा मोबाईल आणि त्याचे स्वातंत्र्य यांवर ती चालत नाही. संविधानाची कलमे 20(3) (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही), 21 (जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण) आणि 22 (अटकेबाबतचे संरक्षण) कारखान्याच्या गेटपाशी थांबत नाहीत. आपले अनुभव सविस्तर लिहावेत. ठाणे, कंपनी किंवा व्यक्ती यांचे नाव मात्र लिहू नये.

शिरोली, फाउंड्री कामगार

आमच्याकडून गनमेटलचे बुश (मिश्रधातूचे सुटे भाग) गायब झाले आणि व्यवस्थापनाने तक्रार दिली. दुपारच्या पाळीत दोन पोलीस कर्मचारी आले, एचआरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावून मोबाईल टेबलावर ठेवायला आणि लॉक उघडून द्यायला सांगू लागले. शेजारी बसलेले आमचेच अधिकारी ‘सहकार्य नसेल तर उद्यापासून येऊ नका’ असे बजावत होते, आणि ते मला पोलिसांपेक्षा अधिक खटकले. संघटनेतील एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, शांतपणे म्हणाले, “साहेब, आम्ही कुठं पळून चाललो नाही. मोबाईल पाहिजे तर पंचनामा करून जप्त करा, बोलवायचं असेल तर नोटीस द्या.”

नोकराने केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले होते. हजर राहण्याच्या नोटिशीची तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 35(3) मध्ये आहे. तिघांना तशा नोटिसा मिळाल्या, ते ठरल्या वेळी हजर राहिले आणि कोणालाही अटक झाली नाही. जबाबाखाली सही मागितली गेली, तेव्हा तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे ठाण्यातल्याच एका हवालदारांनी आपल्या सहकाऱ्याला सांगितले.

राजारामपुरी, कापड दुकानातील विक्रेती

दुकानात ग्राहकांची मारामारी झाली, मी पाहणारी होते. संध्याकाळी ‘ठाण्यात येऊन जबाब द्या’ असा फोन आला. साक्षीदार स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज कोठेही हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 179 वहिनींनी मला वाचून दाखवले. त्या वकिलांकडे टंकलेखन करतात. मी तसे नम्रपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी महिला पोलीस घरी आल्या, चहा घेतला, जबाब झाला.

गुजरी, सराफी पेढी

आमच्या व्यवसायात हा प्रकार नवा नाही. परजिल्ह्यातील पथक संशयिताला घेऊन येते, तो पेढीकडे बोट दाखवतो, आणि माल केव्हाच आटणीला गेलेला असला तरी ‘तेवढ्या वजनाचे सोने काढा’ अशी मागणी होते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून घेतला, तरच न्याय संहितेचे कलम 317 लागते. बिलावर घेतलेल्या मोडीबाबत (जुन्या दागिन्यांबाबत) ते तपासात ठरायचे असते, काउंटरवर नव्हे. वडिलांनी पथकाला गादीवर बसवले, खरेदीची वही आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत पुढे ठेवली, आणि सोने न्यायचे असल्यास परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच बोलावण्याची विनंती केली. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. काट्यावरील आकडा चित्रीकरणात स्पष्ट दिसावा म्हणून वडिलांनी तराजू स्वतः उजेडाकडे सरकवला. जप्तीच्या यादीची प्रत हातात मिळाली, म्हणूनच पुढे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज न्यायालयात करता आला. यादी न घेता सोने देणारे शेजारी अजून हेलपाटे घालत आहेत.

निवृत्त पोलीस उपनिरीक्षक

वरचे वाचून कोणी ‘वॉरंट दाखवा’ म्हणत दारात आडवे उभे राहू नये. अटक करायची व्यक्ती आत शिरली असेल, तर जागेच्या मालकाने वाट द्यावीच लागते. तातडीच्या तपासात अधिकारी कारणे लेखी नोंदवून वॉरंटाशिवायही झडती घेऊ शकतो. अडवू नका, नाव, हुद्दा, गुन्हा क्रमांक विचारा आणि आपली हरकत लिहून द्या. मोबाईलच्या पासवर्डबाबत न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत, म्हणून तेथे वकिलाला विचारूनच बोलावे. अटक झाल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाचे कलम 22(1) देतेच.

गोकुळ शिरगाव, लेखा विभाग

आमच्याकडे प्रश्न पोलिसांचा नव्हताच. सुरक्षारक्षकांनी एका हेल्परला चोर ठरवून रात्रभर स्टोअरमध्ये बसवून ठेवले आणि सकाळी ‘पोलिसांच्या ताब्यात देतो’ म्हणाले. खासगी व्यक्तीला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आपल्यासमोर घडला किंवा ती व्यक्ती उद्घोषित गुन्हेगार असेल तरच कोणाला पकडता येते आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावे लागते. येथे कोणी काही पाहिलेलेच नव्हते. मग त्या हेल्परनेच बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार दिली. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसते, त्यामुळे वकिलांनी रिट याचिकेचाही उल्लेख केला, परंतु त्याआधीच व्यवस्थापनाने माफीचे पत्र दिले. आता गेटवर एक नोंदवही आहे: कोणाला थांबवले, कशासाठी, किती वाजता, आणि पोलिसांना किती वाजता कळवले.