मदत हवी आहे: रेटिनायटिस पिगमेंटोसा, फिलाडेल्फियात जीन थेरपी

सई_एनजे
माझ्या धाकट्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा (आरपी) आहे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिना) पेशी हळूहळू मरतात. वय २७, सांगलीत असतो. तिन्हीसांजेला जिन्याची शेवटची पायरी हटकून चुकते, बाजूने कोणी आलं तर कळत नाही. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या आजारावर जीन थेरपी (बिघडलेल्या जीनचं काम करायला चांगला जीन सोडणं) निघाली आणि तिला मान्यताही मिळाली असं वाचलं. मी न्यू जर्सीत, म्हणजे तिथून जवळच. त्याला व्हिजिटर व्हिसावर आणून दाखवायचंय. अपॉइंटमेंट कशी घ्यायची, खर्च किती, इन्शुरन्स चालतो का? घाई आहे. तिकडे एका क्लिनिकने डोळ्यात स्टेम सेल (मूळ पेशी) सोडायचे ३ लाख सांगितलेत आणि बाबा भरायला निघालेत.

चष्मेवाला
जीन कोणता? रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं.
त्या औषधाचं नाव लक्सटर्ना. मूळ काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बेनेट-मॅग्वायर या डॉक्टर दांपत्याचं, एफडीएची (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मान्यता डिसेंबर २०१७ ची. पण ते फक्त आरपीई६५ या जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर, आणि पडद्यात जिवंत पेशी पुरेशा उरल्या असतील तरच देतात. आरपीला कारण होणारे जीन ८० च्या वर आहेत. आरपीई६५ वाले पेशंट त्यात मोजकेच.

मीनलकाकू
माझ्या जाऊबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं, अगदी छान. दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होत्या. एवढ्या लांब कशाला नेताय?

कोल्हापुरी
नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरायचं) करून बघा. सोबत त्रिफळा. माझा चष्म्याचा नंबर उतरला.

चष्मेवाला
कोल्हापुरी, चष्म्याचा नंबर वेगळा आणि पडद्याच्या पेशी मरणं वेगळं. कृपया इथे नको.

कोल्हापुरी
तुमच्याकडे तरी कुठे औषध आहे? तर्पणाने अपाय तर होत नाही ना!

सई_एनजे
जीन टेस्ट केलेली नाही. डॉक्टर म्हणाले होते, पण उपचारच नाही तर टेस्ट कशाला, असं घरी ठरलं. खर्चाचं कोणी सांगणार आहे का?

बे_एरिया_दादा
लक्सटर्ना बाजारात आलं तेव्हा एका डोळ्याची किंमत ४ लाख २५ हजार डॉलर होती. व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनच्या आजाराला पैसे देत नाही. व्हिसा, तिकीट या भानगडीत आत्ता पडूच नका.

अनघा_पुणे
सई, आधी ते ३ लाख थांबव. फ्लोरिडात एका क्लिनिकने पोटाची चरबी काढून त्यातले स्टेम सेल तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचले. माणशी ५ हजार डॉलर घेऊन. तिघींचीही नजर गेली, एकीला तर उजेडही कळेना. मायामी विद्यापीठाच्या बास्कम पामर नेत्र संस्थेच्या आणि स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हे छापलं.

मावळा७७
सरसकट घाबरवू नका. माझ्या मित्राला फरक पडलाय. सरकारी यादीत नोंद असली म्हणजे झालं.

अनघा_पुणे
फ्लोरिडाच्या त्या उपचाराचीही अमेरिकेतल्या ट्रायलच्या (माणसांवरच्या औषध-चाचण्या) सरकारी यादीत नोंद होती! खरी ट्रायल प्रायोगिक औषधाचे पैसे सहसा पेशंटकडून घेत नाही आणि दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी हात लावत नाही. तुमच्या मित्राला आजार कोणता होता?

चष्मेवाला
सई, दोन गोष्टी राहिल्या. आईवडील नात्यातले आहेत का? आणि भावाला ऐकायला नीट येतं का?

सई_एनजे
आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. कानाचं मशीन तो पहिलीपासून लावतो. त्याचा इथे काय संबंध?

चष्मेवाला
फार जवळचा. आईवडील नात्यातले असले की एकाच जीनचा बिघाड दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. लहानपणापासून कमी ऐकू येणं आणि पुढे आरपी, हे दोन्ही एकत्र आलं की अशर सिंड्रोमचा विचार करतात. त्याच्या टाइप २ मध्ये बहुतेक वेळा यूएसएच२ए जीन सापडतो. लक्सटर्नामध्ये नवा जीन एका निरुपद्रवी विषाणूतून पोचवतात. त्यात डीएनएची जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात आणि यूएसएच२ए ला लागतात १५,००० च्या वर. म्हणजे तो निघाला तर फिलाडेल्फियात हे औषध त्याच्यासाठी नाही. निदान मी करत नाहीये, टेस्ट करा. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सांगलीहून जमण्यासारखी आहे, तिथे आनुवंशिक रेटिना आजारांचं काम चालतं. पुढे ट्रायल निघाली तरी पहिला प्रश्न जीन कोणता हाच असेल.
ओसीटीही (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) करून घ्या. आरपीत पडद्याच्या मध्यभागी सूज येते, ती थेंबांनी किंवा गोळ्यांनी बऱ्याचदा उतरते. त्याबद्दल कोणी विचारलंय का त्याला?

बे_एरिया_दादा
आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. बाजूची नजर ४० अंशांच्या आत आली असेल तर २०१६ च्या कायद्यात 'अल्पदृष्टी' बसते. मधली नजर चांगली असली तरी.

मीनलकाकू
मामाच्या मुलीशी लग्नं आमच्याकडेही झाली हो, सगळ्यांची मुलं ठणठणीत आहेत.

सई_एनजे
बाबांशी बोलले. फ्लोरिडाचं ऐकून गप्प झाले, पैसे तूर्त भरत नाहीत. ओसीटी कधीच झालेली नाही. टेस्टला आईबाबांचंही रक्त लागेल का?

चष्मेवाला
दिलेलं चांगलं. बिघाड दोघांकडून एकेक आलाय का, ते त्यावरून पक्कं होतं. कानाचे जुने रिपोर्ट असतील तर तेही न्यायला सांगा.