आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी जात नाही!

पारावरचा: परवा एका लग्नात हे वाक्य पुन्हा ऐकलं. सांगणारे काका शुगरची गोळी घेऊन तिसऱ्या जिलेबीवर होते. घराण्याचा हा आधार फार फुगवून सांगतात, असं माझं मत. महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले (१८५८-१९६२). थोरले चिरंजीव र. धों. १९५३ साली, वयाच्या ७१व्या वर्षी, वडिलांच्या आधी गेले. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातही (१९९६) आयुर्मानातल्या फरकाचा जेमतेम पाव भाग आनुवंशिकतेच्या खात्यात पडला.

मिरचीकाकू: एका घरावरून निकाल? शिवाय तो पाव भाग सरसकट सगळ्यांचा. सत्तरी गाठणं वेगळं, शंभरी वेगळी. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या शतायुषींवर अभ्यास झालाय. २००२च्या निबंधानुसार शतायुषींच्या भावांना शंभरी गाठायची शक्यता त्यांच्या पिढीतल्या इतरांपेक्षा किमान १७ पट, बहिणींना ८ पट. हे काय नुसत्या वरण-भातानं होतं?

हिशेबनीस: १७ पट, पण कशाच्या? मूळ शक्यताच नखाएवढी. १७ पट करूनही बहुतेक भाऊ शंभरीच्या आतच जाणार. आणि भावंडं एकाच घरात, एकाच ऐपतीत वाढतात, ते कुठे गेलं? २०१८ साली कोट्यवधी लोकांच्या वंशावळी तपासल्या, तर रक्ताचं नातं नसलेल्या सासरच्या माणसांचीही आयुष्यं एकमेकांशी जुळत होती. लोक आपल्यासारख्याच घरात सोयरीक करतात ना! तो भाग वजा केल्यावर आनुवंशिकतेचा वाटा १० टक्क्यांच्याही खाली आला.

मिरचीकाकू: तो हिशेबही सरसकट लोकांचाच, शतायुषींचा नव्हे. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत फॉक्सओथ्री जनुकाचा एक प्रकार दीर्घायुषींमध्ये जास्त आढळला (२००८). जनुक काही सोयरीक बघून येत नाही. फ्रान्सच्या झान काल्माँ १२२ वर्षं जगल्या, त्यांचे भाऊ ९७.

पारावरचा: आणि मुलगी ३६व्या वर्षी गेली. तेही लिहा की.

मिरचीकाकू: लिहिलं. आईकडून निम्मीच जनुकं येतात, आणि छातीचा आजार पणजोबांचं वय विचारून येत नाही. मी हमी कुठे दिली? शक्यता वाढते, एवढंच म्हणतेय.

बारा_गावचं_पाणी: त्या काकांना एक विचारा: प्लेगात गेलेले, बाळंतपणात गेलेल्या, पाळण्यातच गेलेली, ही माणसं ‘घराण्यात’ धरली का? आमच्याकडेही पणजोबा पंच्याण्णवचे म्हणून मिरवतात. त्यांच्या भावंडांची नावंसुद्धा कुणाला सांगता येत नाहीत.