पोरांच्या हातातली दारू: दुकान उठवायचं की गल्ल्यावर वय तपासायचं?

बांधावरचा: गावातलं दुकान उठवलं की पोरं पिणं सोडतील, हे मला पटत नाही. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. गल्ल्यावर ते बघतंय कोण? ग्रामसभेत ठराव घ्या: तिशीच्या आतला वाटला की आधार किंवा लायसन बघितल्याशिवाय बाटली नाही. गल्ल्यामागे फळा लावा, त्यावर खडूनं रोजची तारीख: 'बिअर: अमुक तारखेपर्यंत जन्मलेल्यांनाच.' गर्दीत वयाची वजाबाकी कुणी करत बसत नाही. तारीख समोर असली की नुसती नजर टाकली तरी भागतं.

सावली: दादा, फळा दुकानात लागेल, पण पोरं दुकानात जातातच कुठे? वरातीला, विसर्जनाला थोरली पोरं खंबा आणतात. सोळा वर्षांच्याच्या हातात येतो तो थंड पेयात मिसळलेला कागदी ग्लास. दुरून कळतही नाही. दुकान पाच मिनिटांवर आहे म्हणून खंबा संपला की दुसरा येतो. मी आडव्या बाटलीच्याच बाजूची, म्हणजे गावातल्या बायांनी मतदान करून दुकान बंद करण्याच्या.

हिशेबनीस: ताई, आडव्या बाटलीचं गणित आधी मांडा. गावात ८०० महिला मतदार असतील तर अर्जावर २५ टक्के, म्हणजे २०० सह्या हव्यात. यादीत माहेरचं नाव आणि सही सासरच्या नावाची, अशा सह्या पडताळणीत उडतात. म्हणून ३०० गोळा करा. मतदानात आडव्या बाटलीला ४०१ मतं पडावी लागतात, कारण बहुमत एकूण महिला मतदारांचं धरतात. ५०० जणी आल्या आणि ३८० जणींनी आडवीवर शिक्का मारला तरी दुकान राहतं. ऊसतोडीच्या गावात दिवाळीनंतर मतदान लागलं तर निम्म्या बाया फडावर असतात. तारीख ठरायच्या आधीच हे लेखी कळवा.

बांधावरचा: आणि जिंकल्यावर? चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ साली उठवावी लागली. मधल्या काळात चोरून विकणाऱ्यांचं फावलं. चोरून विकणारा वय विचारत नाही.

सावली: गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथं गावोगावच्या संघटना अवैध विक्रीवर लक्ष ठेवतात. बंदीमागे माणसं उभी नसतील तर ती कागदावरच राहते, एवढं मान्य. पण तुमच्या फळ्यावर तरी रोज तारीख कोण बदलणार?

हिशेबनीस: दोघंही मंडळाला विसरताय. वर्गणी देतानाच अट घाला: मिरवणुकीच्या गाडीत दारू सापडली तर पुढच्या वर्षी वर्गणी नाही. अठराच्या आतल्याला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे अध्यक्षांना वाचून दाखवा. तक्रार 'पोरं पितात' अशी मोघम करू नका. दिवस, वेळ, जागा लिहा आणि रिकाम्या बाटलीच्या लेबलचा फोटो जोडा. त्यात बॅच नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. पोराचा चेहरा मात्र फोटोत घेऊ नका.