टर्मिनलमधला माऊस नक्की कुणाचा? तुमचा, टर्मिनलचा की टीमक्सचा?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, परवाची गोष्ट. रात्रीचे पावणेतीन, सर्व्हर आडवा पडलेला, कॉलवर सहा जण. लॉगमध्ये हवी ती एररची ओळ एकदाची सापडली. माऊसने ओढून निवडली, ओळ छान पिवळी झाली. बटण सोडलं आणि पिवळा पट्टा गुल. म्हटलं कॉपी तर झालंच असेल, म्हणून ग्रुपवर पेस्ट करून एंटर मारला. गेलं काय? ‘अर्धा किलो तोंडली, कोथिंबीर, दही (आंबट नको)’. संध्याकाळी बायकोने पाठवलेली यादी क्लिपबोर्डवर तशीच बसून होती. मॅनेजर तेव्हा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना ‘तोंडली मिळाली का?’ विचारून गेला.

सकाळी खणून काढलं. त्या सर्व्हरवर आम्ही टीमक्स वापरतो, म्हणजे टर्मिनलच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीच्या) आत अनेक कप्पे चालवणारा प्रोग्राम. त्याच्या सामाईक कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) कुणीतरी माऊस ऑन करून ठेवलाय. त्यामुळे टीमक्स सुरू होतानाच टर्मिनलला एक एस्केप सीक्वेन्स (टर्मिनलला हुकूम देणारी खास अक्षरं) पाठवतो, की इथून पुढे माऊसचं जे काही होईल ते मला कळव. मग क्लिक असो, ओढणं असो, चाक फिरवणं असो, टर्मिनल त्यातलं काही स्वतः वापरत नाही, सगळं आत ढकलतं. माझी ओळ कॉपी झाली होती, पण टीमक्सच्या स्वतःच्या बफरमध्ये, तिकडे सर्व्हरवर. लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही.

सुटका एका बोटाची आहे: शिफ्ट धरून ओढायचं. एक्सटर्म, ग्नोम टर्मिनल, किटी, पुटी, विंडोज टर्मिनल, सगळीकडे शिफ्ट धरलं की माऊस पुन्हा टर्मिनलचा होतो. मॅकवर आयटर्म-टू असेल तर ऑप्शन.

पण माझा मुद्दा तोडग्याचा नाहीच. न विचारता माऊस ताब्यात घेण्याचा हक्क कुठल्याही प्रोग्रामला का असावा? टीमक्समध्ये माऊस मुळात बंदच असतो आणि ते बरोबर आहे. मग लोक हौसेने चालू करतात आणि वर सामाईक सर्व्हरवर ठेवून जातात. हे म्हणजे भाडेकरूने घरमालकाच्या दाराचं कुलूप बदलण्यासारखं झालं. बोला.

तिरकी_रेघ

साफ असहमत. तुम्हाला एक ओळ हवी होती म्हणून तुमचं शिफ्टवर भागलं.

माझ्या स्क्रीनवर दिवसभर टीमक्सचे दोन पेन (खिडकीचे कप्पे) असतात, डावीकडे कोड, उजवीकडे लॉग. उजवीकडच्या दहा ओळी शिफ्ट धरून निवडून बघा. टर्मिनलला ‘पेन’ नावाची गोष्टच माहीत नाही, त्याच्या लेखी तो अक्षरांचा एक सलग चौकोन. पहिली ओळ संपली की निवड पुढच्या ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू होते. म्हणजे पेस्ट केल्यावर मिळतं काय, तर माझा अर्धा कोड, मधली उभी रेघ, मग लॉग, पुन्हा कोड, पुन्हा रेघ. खिचडी. ती निवडत बसण्यापेक्षा हाताने टाइप केलेलं परवडलं.

पेनची हद्द ज्याने आखली त्यालाच ती माहीत असते. निवडही त्यानेच करावी.

आणि पट्टा गेला हा बिघाड नव्हे. बटण सोडताच कॉपी करायचं आणि कॉपी मोडमधून बाहेर पडायचं, हेच काम तिथे बांधलेलं असतं. कंट्रोल-बी आणि मग बंद होणारा चौकोनी कंस दाबला असतात, तर तुमची ओळ टीमक्सच्या आत तिथल्या तिथे उमटली असती.

रात्रपाळी

तिथल्या तिथे उमटून मी काय करू? ती मला चॅटमध्ये हवी होती, सर्व्हरवर नव्हे.

पेनचं म्हणाल, तर कंट्रोल-बी आणि झेड. पेन पूर्ण खिडकीभर होतो, शिफ्टने निवडा, पुन्हा झेड. किंवा आडवा चौकोन कापून घ्या: ग्नोम टर्मिनलमध्ये ओढताना शिफ्टच्या जोडीला कंट्रोल धरा, विंडोज टर्मिनलमध्ये ऑल्ट. मी दोन्ही वापरतो, पाच सेकंदांचं काम.

तिरकी_रेघ

आणि मजकूर पडद्यापेक्षा लांब असेल तर? तीनशे ओळींचा स्टॅक ट्रेस (एररचा मागोवा) घ्या. शिफ्ट धरून वर ओढत गेलात तरी पहिल्या दिसणाऱ्या ओळीला गाडी थांबते. टीमक्स दुय्यम पडद्यावर चालतो, मागे सरकलेल्या ओळींचा इतिहास त्याच्याकडे असतो, टर्मिनलकडे नाही. जे टर्मिनलकडे नाहीच ते टर्मिनल निवडणार कसं? पाच सेकंदांचं काम म्हणे. पाच सेकंद गुणिले किती पडदे?

रात्रपाळी

हा मुद्दा मान्य. पण तीनशे ओळी चॅटमध्ये टाकणाऱ्याला आमच्याकडे चहा पाजावा लागतो.

जुना_खोंड

दोघेही हा टीमक्सचा प्रश्न समजून भांडताय. भांडण त्याहून जुनं आहे.

एक्सटर्म लिहिला गेला 1984 मध्ये, मार्क व्हँडेव्होर्ड नावाच्या विद्यार्थ्याकडून. 1996 पासून थॉमस डिकी तो सांभाळतोय आणि आजची बाकीची टर्मिनलं माऊसच्या बाबतीत बरीचशी त्याचीच नक्कल करतात. प्रोग्रामला माऊसच्या खबरा पाठवायचे मोड तिथलेच. 1000 नंबरचा मोड क्लिक कळवतो, 1002 ओढणं कळवतो, 1003 तर नुसता माऊस हलला तरी ओरडतो. जुन्या पद्धतीत स्तंभाचा आकडा एका बाइटमध्ये, तोही 32 मिळवून जायचा. म्हणून 223 व्या स्तंभाच्या पुढे गाडी अडायची. मोठ्या मॉनिटरवर उजव्या टोकाला क्लिक लागत नाही म्हणून मी एकदा माऊस बदलला होता, हे आता सांगायला हरकत नाही. 1006 चा मोड आला आणि ती कटकट संपली.

न विचारता माऊस घेण्याबद्दल रात्रपाळींशी मात्र मी सहमत, आणि त्याचं कारण टीमक्स नसून विम (टर्मिनलमधला एडिटर) आहे. विम 8 सोबत एक डिफॉल्ट फाइल आली, तिने माऊस सगळ्या मोडमध्ये चालू केला. 2017 मध्ये डेबियन लिनक्स 9 आलं, लोकांनी सर्व्हर अपग्रेड केले आणि पुटीतून राइट क्लिक करून पेस्ट करणाऱ्यांच्या हाताखालची सवयच गेली. पेस्टऐवजी खाली ‘व्हिज्युअल’ (विमचा निवडीचा मोड) अशी अक्षरं. वर्षानुवर्षांची सवय आणि कुणी विचारलं नाही. तोडगा सोपा होता: घरच्या फोल्डरमध्ये स्वतःची विमआरसी फाइल ठेवली, अगदी रिकामी का असेना, की ती डिफॉल्ट फाइल वाचलीच जात नाही. पण हे कळेपर्यंत लोकांनी केस उपटले.

वेलदोडा

माऊस प्रोग्रामच्या हातात गेला की त्रास, हे ऐकून घेतलं. टर्मिनलच्या हातात राहिला तरी काय होतं ते सांगते.

आधीच्या नोकरीत रात्री एक बॅच चालायची, विंडोजच्या काळ्या खिडकीत. एक दिवस सकाळी येऊन बघते तर 62 टक्क्यांवर थांबलेली. एरर नाही, सीपीयू शांत, नेटवर्क ठीक. डेटाबेसवाल्यांना उठवलं, त्यांनी नेटवर्कवाल्यांना. शेवटी एका पोराचं लक्ष खिडकीच्या शीर्षकाकडे गेलं, पुढे ‘सिलेक्ट’ असा शब्द आलेला. रात्री टेबल पुसताना कुणाचा तरी माऊसला हात लागून त्या खिडकीत क्लिक झाली होती. क्विकएडिट (त्या खिडकीतली माऊसने निवडायची सोय) चालू असेल तर एका क्लिकने निवड सुरू होते आणि निवड चालू असेपर्यंत खिडकी नवा मजकूर घेत नाही. प्रोग्राम पुढची ओळ छापायला गेला की तिथेच तिष्ठत उभा. एस्केप दाबलं, बॅच धावत सुटली. सहा तास!

कट-कॉपी-पेस्ट ज्याच्या नावावर जमा आहे तो झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ प्रयोगशाळेतला लॅरी टेस्लर, त्याचा मोड या प्रकारावरच राग होता. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नो मोड्स’ लिहून फिरायचा. आणि आपण इथे कुठला मोड बरा यावर भांडतोय.

नवशिका_07

मध्येच विचारतो. एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणी) तुटलं की कधीकधी माऊस हलवला तरी प्रॉम्प्टवर अर्धविराम, आकडे, एम असा कचरा पडतो. व्हायरस आहे का?

जुना_खोंड

नाही रे बाबा. तिकडचा प्रोग्राम निरोप न घेता गेला, माऊसच्या खबरा बंद करायच्या राहिल्या. टर्मिनल इमानदारीने खबरा पाठवतंय आणि शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) त्या टाइप झालेल्या अक्षरांसारख्या दाखवतोय. ‘रीसेट’ कमांड दे. दिसत नसलं तरी आंधळेपणाने टाइप करून एंटर मार.

तिरकी_रेघ

मूळ तक्रारीकडे येऊ. तोंडलीचा दोष माऊस मोडचा नाही, क्लिपबोर्डपर्यंतचा रस्ता बंद असल्याचा आहे. ओएससी 52 नावाचा सीक्वेन्स आहे. टीमक्स निवडलेला मजकूर बेस-64 मध्ये (साध्या अक्षरांत) गुंडाळून टर्मिनलकडे पाठवतो, टर्मिनल तो तुमच्या लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर ठेवतं. मध्ये एसएसएचचे तीन थर असले तरी चालतं, कारण तो शेवटी साधा मजकूरच. हा रस्ता उघडा, मग पेनची हद्दही सांभाळली जाते, इतिहासातली लांब निवडही होते आणि बायकोची यादीही घरातच राहते.

रात्रपाळी

म्हणजे सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्राम माझ्या क्लिपबोर्डवर हवं ते लिहू शकणार. मी एका अनोळखी फाइलवर कॅट (फाइल पडद्यावर दाखवणारी कमांड) मारतो, तिच्यात हा सीक्वेन्स दडलेला, आणि नंतर मी दुसऱ्या खिडकीत, रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून, डोळे झाकून पेस्ट करतो. एक्सटर्ममध्ये हे मुळात बंद ठेवलंय ते उगाच नाही.

तिरकी_रेघ

रूट म्हणून डोळे झाकून पेस्ट करणाऱ्याला कुठलाही डिफॉल्ट वाचवू शकत नाही. लिहिण्याची परवानगी द्या, वाचण्याची देऊ नका. वाचणं खरं धोक्याचं, क्लिपबोर्डवर पासवर्ड असतात. आणि पेस्ट केलेलं थेट न चालवता आधी दाखवणारा शेल वापरा.

वेलदोडा

लिहिण्याची परवानगी तरी माझ्या मशीनवर मी ठरवीन. सामाईक सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये दुसऱ्याने ठरवू नये. एवढ्यापुरती मी रात्रपाळींकडे.

रात्रपाळी

मी आज त्या कॉन्फिगमध्ये बदल केलाय. माऊस बंद, पण एक कळ बांधलीय. टीमक्समध्ये माऊसच्या पर्यायापुढे ऑन-ऑफ काहीच लिहिलं नाही तर तो उलटापालटा होतो, त्यामुळे एकाच कळीने चालू आणि त्याच कळीने बंद. ज्याला पेन ओढायचेत त्याने चालू करावा, काम झालं की बंद.

तिरकी_रेघ

आणि पावणेतीनला ती कळ आठवेल?

रात्रपाळी

शिफ्ट तरी कुठे आठवलं होतं.