साते बाबी बाहेरून का करपते?
वर विचारलंय, साते बाबी (काडीला ओवून निखाऱ्यांवर भाजलेले डुकराच्या मांसाचे तुकडे) बाहेरून काळी, आतून कच्ची का? दोष केचाप मानिसचा. इंडोनेशियातल्या या गोड सोया सॉसमध्ये गूळ भरपूर, तो मांस शिजायच्या आधीच जळतो.

अर्धा किलो डुकराच्या खांद्याचे 2 सेंटिमीटरचे तुकडे घ्या. त्यांना 4 पाकळ्या वाटलेला लसूण, 2 लहान चमचे धनेपूड, अर्धा चमचा चिनी पंचमसाला (जास्त घातलात तर चक्रीफुलाचीच चव लागेल), मीठ आणि केचाप मानिस फक्त 1 मोठा चमचा चोळून 2 तास ठेवा. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा. दोन तुकड्यांमागे एक चरबीचा ओवा, पण गच्च नको. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की भाजा. आणखी 2 चमचे केचाप मानिस तेलात कालवून शेवटच्या 2-3 मिनिटांतच लावा.