दूध पाजायला बाई बोलावली म्हणजे चोचले?

पाथर्डीफाटा_आई:
काल इथे एका काकांनी लिहिलं, "आजकालच्या पोरींना बाळाला दूध पाजायला पण फी देऊन बाई लागते, आमच्या आईने पाच पोरं शेतात राबत वाढवली, हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले." खाली लाइक्सचा नुसता पाऊस. रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं (तसंही बाळ झोपू देत नाहीच) म्हणून आता लिहितेच.

माझं सिझर झालं, चौथ्या दिवशी घरी सोडलं. बाळ जन्मलं तेव्हा २ किलो ९०० होतं, सहाव्या दिवशी काट्यावर अडीच. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. घरात तोवर कोर्ट बसलेलं, सासूबाई म्हणे हिला दूधच नाही पावडरचा डबा आणा, आई म्हणे अळिवाची खीर वाढवा, चुलतसासू म्हणे नजर लागली, आणि मी बाळ जवळ घेताना दातावर दात धरून, चिरा पडून रक्त यायचं. शेवटी नणंदेने एका लॅक्टेशनवाल्या, म्हणजे बाळाला अंगावर कसं पाजायचं ते शिकवणाऱ्या ताईंना पाठवलं. त्यांनी जादू वगैरे काही केली नाही, फक्त शेजारी बसून एक फीड पूर्ण बघितलं. घरात एवढ्या बायका, पण बघितलं कोणीच नव्हतं, सगळ्या सांगतच होत्या. बाळ नुसतं टोक धरत होतं, भोवतीचा काळा भाग तोंडात जातच नव्हता. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून काखेखाली कसं धरायचं तेही शिकवलं. बाराशे रुपये घेतले. काका, आधी डब्याचा महिन्याचा हिशोब काढा आणि मग चोचले म्हणा.

ओझरकर_काका:
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, नाकारत नाही. पण पोस्ट पूर्ण वाचा की, मी स्लीप कोचबद्दल पण लिहिलं होतं. आमच्या भाच्याने बाळ रात्रभर झोपावं म्हणून आठ हजाराचं ऑनलाइन पॅकेज घेतलं! तीन महिन्यांचं पोर रात्री उठणार नाही तर काय पहाटे उठून पेपर वाचणार? आमच्या वेळी आजी होती, आत्या होती, शेजारीण होती. कुणी बिल फाडलं नाही.

सिडकोची_सून:
बिल कसं फाडणार, फुकट राबत होत्या ना त्या. आणि पाच वाढवली म्हणता, झाली किती होती ते विचारलंत कधी? माझ्या आजीला आठ झाली, हाताशी पाच लागली. बाकी तिघांचा विषय घरात कोणी काढत नाही.

ओझरकर_काका:
विषय कुठून कुठे नेताय. माझ्या आईवर जाऊ नका.

कॉलेजरोड_मिसळ:
मला विचाराल तर खरा प्रोफेशनल सपोर्ट म्हणजे मालिशवाल्या मावशी. पण हल्लीचे भाव ऐकलेत का? पहिल्या मुलीच्या वेळी सव्वा महिन्याचे दहा हजार मोजले, वर साडी-नारळ, नवरात्रात चार दिवस दांडी तरी पैसे पूर्ण. ना सर्टिफिकेट ना काही. लूट आहे नुसती.

पंचवटी_कारंजा:
लूट? माझी आई २२ वर्षं हेच काम करते. सकाळी सहाला निघते, दुपारी दोनपर्यंत सहा घरं, पाय लांब करून पाटावर बसून बसून गुडघे गेलेत तिचे. दहा हजाराला चाळीस दिवसांनी भागा, दिवसाचे अडीचशे, त्यात बाळाची मालिश, अंघोळ, धुरी, बाळंतिणीचं अंग चोळणं, शेक सगळं आलं. नवरात्रात घरी घट असतात, दांडी नाही म्हणत त्याला. सर्टिफिकेटवालीने तासाचे बाराशे घेतले तर ती कन्सल्टंट आणि माझी आई लुटारू, वा रे न्याय.

पाथर्डीफाटा_आई:
ओ दादा, मला कशाला मध्ये घेता? मी मावशींबद्दल एक शब्द काढलेला नाही.

नाशिकरोड_सिस्टर:
मी लहान बाळांच्या आयसीयूत नोकरी करते. मावशींच्या हाताला तोड नाही, पण नाकाकानात तेल सोडणं आणि बाळाची छाती पिळून 'दूध काढणं', यापायी आमच्याकडे पोरं भरती होतात. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं, पिळलेल्या छातीत पू होतो. आणि मध चाटवू नका हो, वर्षाच्या आत तर अजिबातच नाही.

पंचवटी_कारंजा:
छाती पिळणं आईने कधीच सोडलंय. नाकात तेल नको म्हटलं की घरातल्या आज्याच म्हणतात, मग मावशी पैसे कशाचे घेता? सिस्टर, तुम्ही एकदा त्यांना सांगून बघा, मग बोलू. मधाचं मान्य.

दिंडोरीची_आशा:
सगळे पैशावरून भांडताय म्हणून सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आम्ही आशा सेविका घरी जातो. वजन, ताप, श्वास मोजायचा, नाळ बघायची, अंगावर नीट पितंय का बघायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून हे उभं केलं, नंतर देशभर गेलं. मी लागले तेव्हा या सहाही भेटींचे मिळून २५० रुपये होते. म्हणजे वरच्या मावशींचा एक दिवस. चालू द्या तुमचं.

अंबड_शिफ्टवाला:
एक बाप बोलू का? डिलिव्हरीनंतर मला दोन दिवस सुट्टी, तीही माझ्याच शिल्लक रजेतून. आईला कायद्याने २६ आठवडे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने शून्य. तिसऱ्या आठवड्यात बायको भिंतीकडे बघत बसायला लागली, बाळ रडलं तरी उठायची नाही. आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, मी पण गप्प. शेवटी रात्री दोनला गच्चीवर जाऊन १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, खाली कुणाला कळू नये म्हणून. त्यानंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, आता बरी आहे. मीठमोहऱ्यांची पुडी अजून फ्रीजवर पडलेली आहे, टाकायची हिंमत होत नाही.

ओझरकर_काका:
स्लीप कोचला मी आजही फसवणूकच म्हणणार. दूधवाल्या ताईंपुरतं मागे घेतो, हवं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि सिडकोच्या ताई, काल रागात थोरल्या बहिणीला फोन केला. सात झाली होती म्हणाली. मला पाचच माहीत होती.

कॉलेजरोड_मिसळ:
@पंचवटी_कारंजा दादा, लूट शब्द मागे घेतला. बहिणीची जानेवारीची तारीख आहे, इंदिरानगरला. आईंचा नंबर मिळेल का?

पंचवटी_कारंजा:
जानेवारी फुल आहे. फेब्रुवारीत एक घर सुटतंय. आणि दहा नाही, बारा.